लोककल्याणाचा ताळेबंद

एखाद्या कंपनीनें आडगांवीं शाळा बांधली, दवाखाना उघडला किंवा दुष्काळी टापूंत बंधारा घातला, म्हणजे वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें, समारंभांत चार गौरवाचे शब्द बोलले जातात आणि तेथेंच तो विषय संपतो. दिलेल्या दानाचा हिशेब विचारणें आपल्याकडे शिष्टसंमत नाहीं. या हाताचें त्या हाताला कळूं नये, हा दानधर्माचा जुना दंडक आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु कंपनीचें दान हें एका व्यक्तीचें दान नव्हे. त्या पैशांत भागधारकांचा वांटा असतो, कामगारांचे श्रम असतात, गिऱ्हाइकानें मोजलेली किंमत असते. आणि ज्यांच्या नांवानें तो खर्च होतो, त्या गांवकऱ्यांचें बरेंवाईटहि त्यावर अवलंबून असतें. म्हणून 'किती दिलें?' या प्रश्नामागोमाग 'त्यानें काय झालें?' हा प्रश्न ओघानेंच येतो.

आपल्या देशांत हा प्रश्न आतां केवळ नीतीचा राहिलेला नाहीं. १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलेल्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें कंपन्यांवर एक नवें बंधन घातलें. ज्या कंपनीचें निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, वार्षिक उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकीं कोणत्याहि एका मर्यादेस पोहोंचतो, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेंकडा २ इतका भाग समाजकार्यावर खर्च करावा, असें तें कलम सांगतें. पहिल्याच वर्षीं हा खर्च १० हजार कोटी रुपयांच्या घरांत गेला. २०२२-२३ सालीं तो ३० हजार कोटींच्या आसपास होता, आणि राज्यवार विभागणींत महाराष्ट्राचा वांटा सर्वांत मोठा होता. एवढ्या रकमेचें फळ कोणत्या मापानें मोजावें?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं एका गिरणीमालकानें लोककल्याणावर केलेल्या खर्चाचा परतावा शेंकड्यांत मांडून दाखविला होता. तेव्हांपासून हा हिशेब अनेकांनीं अनेक रीतींनीं मांडला. कांहींचा जमला, कांहींचा फसला. त्या इतिहासांतील तीन गांवांची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे. त्यांपैकीं एक गांव स्कॉटलंडांतील, एक अमेरिकेंतील आणि एक आपल्याच देशांतील आहे. तिन्ही गांवें कारखान्याभोंवतीं वसलेलीं. त्यांची हकीकत ऐकतांना हिशेबाची वही प्रत्येक ठिकाणीं कोणाच्या हातीं होती, एवढी एकच गोष्ट आपण लक्षांत ठेवावी, अशी विनंति आहे.

स्कॉटलंडांत क्लाइड नदी धबधब्यांवरून खालीं उतरते, तेथें १७८६ सालीं डेव्हिड डेल नांवाच्या व्यापाऱ्याची सूतगिरणी सुरू झाली. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या या गिरणीला व तिच्याभोंवतीं वसलेल्या गांवाला न्यू लॅनार्क म्हणत. १७९९ सालीं रॉबर्ट ओवेन या अठ्ठावीस वर्षांच्या वेल्श तरुणानें भागीदारांच्या साह्यानें ही मिळकत ६०,००० पौंडांस विकत घेतली, त्याच वर्षीं डेलच्या कन्येशीं विवाह केला आणि १८०० सालच्या पहिल्या दिवशीं कारभार हातीं घेतला. तेव्हां गांवांत कुटुंबें करून राहणारे तेराशेंच्या आसपास लोक होते; शिवाय शहरांतील गरीबखान्यांतून आणलेलीं चार-पांचशें मुलें होतीं. त्यांतील कित्येक पांच-सहा वर्षांच्या वयापासून गिरणींत राबत. दारू, चोरी आणि अस्वच्छता यांनीं वस्ती ग्रासलेली होती.

ओवेननें गरीबखान्यांतून मुलें आणणें बंद केलें. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याचें थांबविलें. घरें वाढविलीं, रस्ते झाडण्याची व्यवस्था केली. चांगला माल घाऊक भावानें आणून तो अल्प नफ्यानें विकणारें दुकान काढलें आणि त्या नफ्यांतून मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविला. आजारीपणाच्या निधीसाठीं मजूर आपल्या वेतनाचा साठावा भाग देत. अमेरिकेंतून येणारा कापूस बंद झाला तेव्हां यंत्रें चार महिने थांबलीं. त्या काळांत ओवेननें कोणासहि कामावरून दूर न करतां पुरें वेतन चालू ठेवलें. त्यासाठीं ७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्चीं पडली. गांवाचा त्याच्यावरील विश्वास तेथून बसला, असें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे.

१८१३ सालीं त्यानें इतर कारखानदारांना उद्देशून एक पत्रक लिहिलें. त्याचा आशय असा कीं, तुम्ही निर्जीव यंत्रांना तेल घालतां, तीं पुसून स्वच्छ ठेवतां, कारण त्यांत फायदा आहे हें तुम्हांस ठाऊक आहे. मग याहून कितीतरी नाजूक अशा सजीव यंत्रांची निगा तुम्ही कां राखीत नाहीं? केवळ उपदेश करून तो थांबला नाहीं. सजीव यंत्रांच्या सुधारणेवर आपण जें भांडवल घातलें, त्यावर शेंकडा ५० हून अधिक परतावा आतांच मिळत आहे आणि लवकरच तो शेंकडा १०० होईल, असा हिशेब त्यानें मांडला. समाजहिताच्या खर्चाचा परतावा शेंकड्यांत सांगण्याचा इतका स्पष्ट प्रयत्न त्यापूर्वीं क्वचितच झाला असेल.

हा हिशेब बारकाईनें पाहिला तर त्यांत आजच्या सर्व अडचणी बीजरूपानें आढळतात. पहिली गोष्ट अशी कीं, हा परतावा मालकाच्या तिजोरींत येणारा होता. मूल वाचायला शिकलें, आईला पहाटेची झोप मिळाली, घरांतली दारू सुटली, यांपैकीं कशाचाहि आंकडा त्यांत नाहीं. वस्तुतः ओवेनला याच गोष्टी सर्वांत मोलाच्या वाटत होत्या. दुसरी गोष्ट अशी कीं, नफ्याचीं कारणें अनेक होतीं. ओवेन हा बारीक सूत काढण्यांत वाकबगार होता, त्याच्या सुताला बाजारांत चांगला भाव मिळे, नदीचें पाणी फुकटांत यंत्रें फिरवी. यांतला किती नफा शाळेमुळें व किती सुताच्या गुणामुळें, हें त्यानें वेगळें काढलेलें नाहीं. तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शाळेचा खर्च दुकानाच्या नफ्यांतून चाले आणि दुकानांतलें गिऱ्हाईक म्हणजे मजूरच. तेव्हां त्या शाळेचा दाता कोण? ताळेबंदांत मालकाचें नांव येतें. पैसा मात्र मजुराच्या घरखर्चांतून गेलेला असतो.

मग ओवेननें नफ्याचीच भाषा कां वापरली? कारण त्याचे श्रोते कारखानदार होते आणि त्याचे भागीदारहि व्यापारी होते. शाळांवर पैसा उधळतो, म्हणून भागीदारांशीं त्याचे खटके उडाले. एकदां १८०९ सालीं व पुन्हां १८१३ सालीं त्याला नवे भागीदार शोधावे लागले. १८१३ च्या अखेरीस गिरणीचा लिलांव झाला आणि १,१४,१०० पौंडांस ती ओवेन व त्याच्या नव्या मंडळीनें घेतली. या मंडळींत विल्यम अ‍ॅलन हा क्वेकर पंथाचा सज्जन होता, आणि सुखदुःखांचें गणित मांडूं पाहणारा प्रसिद्ध तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमहि होता. भांडवलावर शेंकडा ५ पेक्षां अधिक घ्यावयाचें नाहीं आणि उरलेला नफा गांवाच्या शिक्षणाकडे व हिताकडे लावावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. १ जानेवारी १८१६ रोजीं शीलसंवर्धनाची संस्था म्हणून ओवेननें आपल्या शाळेची नवी इमारत उघडली, आणि त्याच वर्षीं कामाचे तास पावणेअकरांवर आणले.

मोजमापाची ओवेनला मोठी आवड. प्रत्येक मजुराच्या जागेजवळ त्यानें चार बाजूंचा एक लहान लांकडी ठोकळा टांगला होता. काळी बाजू समोर असली तर कालचें वर्तन वाईट, निळी असली तर बेताचें, पिवळी म्हणजे चांगलें, पांढरी म्हणजे उत्तम. मुका निरीक्षक असें या ठोकळ्याचें नांव. रोजचा शेरा वहींत नोंदला जाई आणि तो अन्यायाचा वाटल्यास मजुरानें थेट ओवेनकडे दाद मागावी, अशी मुभा होती. अशी दाद क्वचितच मागितली गेली, असें ओवेन सांगतो. या एका वाक्याचे अर्थ मात्र दोन होतात. शेरे न्यायाचे होते म्हणून तक्रार आली नाहीं, हा एक अर्थ. घर, दुकान, शाळा आणि वेतन हीं चारहि एकाच हातीं असलीं म्हणजे तक्रार ओठांवर येत नाहीं, हा दुसरा. वहीकडे पाहून यांतला खरा कोणता हें कळण्यास मार्ग नाहीं. मजुराच्या वर्तनाची नोंद ठेवणारी वही होती. मालकाच्या वर्तनावर मजुरांनीं शेरा लिहावा, अशी वही नव्हती.

१८१९ सालीं या गांवास दोन निरनिराळ्या भेटी झाल्या. लीड्स शहरांतील गरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळानें तीन सदस्य चौकशीसाठीं पाठविले. मुलांचें वळण, गांवांतील संयम व सुव्यवस्था पाहून त्यांनीं अनुकूल अहवाल दिला. त्याच वर्षीं इंग्लंडचा राजकवि रॉबर्ट साउदी तेथें गेला. त्यालाहि स्वच्छता दिसली, मुलांची कवाईत दिसली. पण ओवेन आपल्या माणसांना मानवी यंत्रें समजतो आणि या गांवाची मळेवाल्याच्या गुलामवस्तीशीं तुलना करतां येईल, असें त्याच्या मनांत आलें. दोघांनीं पाहिलें तें एकच. एकानें दिसणारें फळ मोजलें, दुसऱ्यानें सत्ता कोणाची हें विचारलें. पुढें १८२४ सालीं शाळेंतील नृत्य-गायनावरून आणि धर्मशिक्षणावरून भागीदारांचा वाद विकोपास जाऊन अ‍ॅलनच्या म्हणण्याप्रमाणें करार झाला. तो भागीदारांमध्यें झाला. मुलांचे आईबाप त्यांत पक्षकार नव्हते. त्यानंतर ओवेनचें मन तेथून उडालें आणि तो अमेरिकेंत नव्या वसाहतीच्या उद्योगास लागला.

तरीहि न्यू लॅनार्कचें खरें फळ पुढें दूरवर दिसलें. ओवेननें चालविलेल्या चळवळीनंतर १८१९ सालीं इंग्लंडांत कायदा होऊन कापसाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. कायदा दुबळा होता, पण वाट पडली. त्याच्या बालशाळेंतील शिक्षक लंडनला गेला आणि बालशाळेची कल्पना तेथें रुजली. गिरणी १९६८ पर्यंत चालू राहिली. २००१ सालीं त्या गांवास जागतिक वारशाचें स्थान म्हणून मान्यता मिळाली. शेंकडा ५० च्या आंकड्यांत यांतलें कांहींच मावलेलें नाहीं.

ओवेनची भाषा पुढें अमेरिकेंत एका कारखानदारानें अगदीं शब्दशः व्यवहारांत आणली. जॉर्ज पुलमन हा रेल्वेच्या झोंपण्याच्या डब्यांचा कारखानदार. १८८० सालीं शिकागोच्या दक्षिणेस त्यानें आपल्या कामगारांसाठीं संबंध गांव बांधावयास घेतलें. विटांचीं नेटकीं घरें, बागा, ग्रंथालय, नाट्यगृह, बाजाराची इमारत, सांडपाण्याची उत्तम सोय, असें सर्व कांहीं त्यांत होतें. मात्र एकहि घर कामगारास विकत मिळत नसे, सारें भाड्यानें. हें दान नव्हे, असें पुलमन स्वतः आग्रहानें सांगे. गांवावर घातलेल्या भांडवलानें शेंकडा ६ मिळविले पाहिजेत, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्ष उत्पन्न पुढील वर्षांत त्याहून कमी भरत गेलें.

या गांवाचें दोनदां परीक्षण झालें, आणि दोन्हीं वेळीं त्यांत कॅरोल राइट हा विख्यात संख्याशास्त्रज्ञ प्रमुख होता. १८८४ सालीं निरनिराळ्या राज्यांच्या कामगार-संख्या खात्यांचे प्रमुख तेथें गेले. त्यांनीं घरें पाहिलीं, नळ पाहिले, आंकडे घेतले. आणि राइटनें प्रसिद्ध केलेला त्यांचा अहवाल प्रशंसेनें भरलेला होता. पुढच्याच वर्षीं रिचर्ड एली या अर्थशास्त्रज्ञानें मात्र वेगळें लिहिलें. गांव सुंदर आहे, पण तेथें कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं. ही सद्हेतूनें चालविलेली सरंजामशाही आहे, असा त्याचा अभिप्राय पडला.

१८९३ सालीं अमेरिकेंत व्यापारी मंदी आली. पुलमनच्या कंपनीनें वेतन सरासरीनें शेंकडा २५ कमी केलें. घरभाडें मात्र एका पैशानेंहि उतरविलें नाहीं. मे १८९४ मध्यें कामगारांनीं संप पुकारला, जूनमध्यें रेल्वे-कामगारांच्या संघानें बहिष्काराचें शस्त्र उपसलें, देशांतील रेल्वे-वाहतूक ठिकठिकाणीं ठप्प झाली आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं सैन्य पाठविलें. संप मोडला. नंतर चौकशीसाठीं आयोग नेमला गेला, आणि त्याचा अध्यक्ष झाला तोच कॅरोल राइट.

या वेळीं राइटनें शंभराहून अधिक साक्षी घेतल्या आणि त्यांत कामगारांना बोलावयास लावलें. शिवणखात्यांत काम करणाऱ्या एका तरुणीनें सांगितलें कीं, तिच्या वडिलांनीं तेरा वर्षें कंपनींत काम केलें. ते वारले तेव्हां भाड्याचे साठ डॉलर थकलेले होते. ती थकबाकी आपल्या तुटपुंज्या वेतनांतून फेडणें तिला भाग पडलें. अशाच साक्षींतून व आंकड्यांतून आयोगास आढळलें कीं, त्या गांवचें भाडें आसपासच्या तशाच घरांपेक्षां शेंकडा २० ते २५ अधिक होतें. १८९८ सालीं इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें कारखान्याच्या कामास अनावश्यक असलेली मालमत्ता कंपनीनें काढून टाकावी, असा निर्णय दिला.

घरें तींच, नळ तेच, परीक्षकहि तोच. मग दहा वर्षांत निष्कर्ष उलटा कां झाला? मंदीनें परिस्थिति बदलली, हें खरें आहे. परंतु भाड्याचा जाच एका वर्षांत निर्माण झालेला नव्हता. पहिल्या खेपेस घरांची मोजणी झाली होती. दुसऱ्या खेपेस त्या घरांत राहणाऱ्यांस बोलावून त्यांचा जमाखर्च विचारला गेला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९०७ सालीं मुंबईंत टाटा लोखंड व पोलाद कंपनीची नोंदणी झाली आणि साकची नांवाच्या खेड्यापाशीं कारखाना उभा राहिला. १९१९ सालीं त्या नगरास जमशेदपूर हें नांव मिळालें. नगर वसण्यापूर्वींच, १९०२ सालीं, जमशेटजी टाटांनीं आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रांत रुंद रस्ते, दाट सावलीचीं झाडें, खेळांचीं मैदानें आणि सर्व धर्मांच्या मंदिरांना जागा राखण्यास सांगितलें होतें. १९१२ सालीं तेथें आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला, १९१५ सालीं मोफत औषधोपचार, १९२० सालीं भविष्यनिर्वाह निधि, १९२८ सालीं प्रसूतीचा भत्ता. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील हॉबहाउस, अर्विक आणि वेब दांपत्य यांच्याकडून कंपनीनें समाजकार्याची योजनाहि करून घेतली होती.

आणि तरीहि १९२०, १९२२ व १९२८ या सालीं जमशेदपुरांत मोठे संप झाले. दवाखाना आहे म्हणून कामगार कमी वेतनावर संतुष्ट राहील, किंवा आपल्या संघास मान्यता मागणार नाहीं, असें गृहीत धरणाऱ्यास हें कोडें वाटेल. वस्तुतः त्यांत कोडें कांहींच नाहीं. सोय ही एक जमेची रक्कम आहे आणि हक्क ही दुसरी. एकीनें दुसरीची वजाबाट होत नाहीं. शिवाय येथेंहि न्यू लॅनार्कचाच अनुभव आला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा देशांत १९५२ सालीं झाला आणि प्रसूतिलाभाचा १९६१ सालीं. एका कारखान्यानें आपखुषीनें आधीं केलेलें कायद्यानें सर्वांच्या पदरांत पडलें. कंपनीच्या कोणत्याहि एका वर्षाच्या ताळेबंदांत हें फळ दिसलें नसतें.

जमशेदपूरच्या इतिहासांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें पाऊल पुढेंच पडलें. १९७० सालीं कंपनीनें आपल्या नियमावलींत एक कलम घालून ग्राहक, कामगार, भागधारक, समाज आणि स्थानिक जनता यांच्याविषयींचीं आपलीं कर्तव्यें मान्य केलीं. मग जे. आर. डी. टाटा यांनीं तें कलम कितपत पाळलें गेलें हें पाहण्यासाठीं बाहेरची समिति नेमली. तींत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ति एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ प्राध्यापक रजनी कोठारी आणि अहमदाबादेंतील विख्यात मावळंकर घराण्यांतील प्राध्यापक पुरुषोत्तम मावळंकर हे होते. १९८० सालीं या समितीचा अहवाल आला. भारतांतील एखाद्या कंपनीनें आपलें सामाजिक लेखापरीक्षण बाहेरच्या माणसांकडून करून घेण्याचा हा आरंभ समजला जातो. या समितीचें काम एखादें गुणोत्तर काढण्याचें नव्हतें. कंपनीनें स्वतःच दिलेलें वचन घेऊन, तें पुरें झालें कीं नाहीं हें त्रयस्थानें पाहावें, असें तिचें स्वरूप होतें. वही मालकाच्या घरांतून प्रथमच शेजाऱ्याच्या हातीं गेली. मात्र शेजारी कोण असावा, हें अद्यापि मालकच ठरवीत होता.

यानंतरचा काळ गुणोत्तराचा आहे. १९९० नंतरच्या दशकांत सॅन फ्रॅन्सिस्को येथील रॉबर्ट्स एंटरप्राइज डेव्हलपमेंट फंड या संस्थेंत जेड इमर्सन व त्याच्या सहकाऱ्यांनीं सामाजिक परताव्याची रीत बसविली. बेघर व निराधार माणसांना काम देणाऱ्या उद्योगांना ही संस्था साह्य करी. त्या माणसांना काम मिळाल्यानें सरकारचा साह्यावरील खर्च किती वांचला व कर किती वाढला, याची बेरीज करून ती घातलेल्या भांडवलाशीं ताडून पाहावयाची, अशी ही रीत. पुढें इंग्लंडांत तिचा विस्तार झाला आणि २००९ सालीं तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. एक रुपया घातला असतां समाजाला चार रुपये मिळाले, अशीं जीं वाक्यें हल्लीं कंपन्यांच्या अहवालांत दिसतात, तीं या रीतीचीं अपत्यें होत.

ही रीत टाकाऊ नाहीं. ओवेननें जे प्रश्न विचारले नव्हते ते ती विचारते. एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, मराठवाड्यांतील एका गांवीं कंपनीनें नाल्यावर बंधारे घातले, विहिरींतला गाळ उपसला आणि गांवांत पाणी वाढलें. आतां पहिला प्रश्न असा कीं, त्या वर्षीं पाऊसच चांगला झाला नाहीं ना? बंधाऱ्यावांचूनहि जें वाढलें असतें, तें वजा केलें पाहिजे. त्याच शिवारांत सरकारी योजनेचीं कामें झालीं असलीं तर त्यांचा वांटा वेगळा काढला पाहिजे. वरच्या अंगाला पाणी अडविल्यानें खालच्या गांवच्या विहिरी आटल्या असल्या तर तें नुकसान खर्चीं पडलें पाहिजे. आणि बंधाऱ्यांत दरवर्षीं गाळ साठतो, म्हणून लाभहि दरवर्षीं थोडा घटत जाणार, हें धरलें पाहिजे. हे चार प्रश्न प्रामाणिकपणें विचारले, तर निम्म्याहून अधिक गौरवपत्रें फाडून टाकावीं लागतील.

अडचण येते ती किंमत ठरविण्यांत. त्या गांवांतील १२० घरांतल्या बायकांची पाण्यासाठीं होणारी रोजची एक तासाची पायपीट वांचली, असें समजा. वर्षाचे तास झाले ४३,८००. शेतमजुरी दिवसास ३०० रुपये आणि दिवस आठ तासांचा धरला, तर या तासांची किंमत १६ लक्ष ४२ हजार ५०० रुपये होते. दुसरा हिशेबनीस म्हणेल, उन्हाळ्यांत त्या गांवीं मजुरीचें कामच नसतें. तेव्हां त्या तासाची बाजारांतील किंमत शून्य. आंकडेमोड दोघांचीहि बरोबर आहे. एकाच्या वहींत सोळा लक्ष आणि दुसऱ्याच्या वहींत कांहीं नाहीं, हा फरक गणिताचा नाहीं. त्या बाईला त्या तासाचें काय वाटतें, हें दोघांपैकीं कोणीच विचारलेलें नाहीं. कदाचित् त्या तासांत ती नुसती बसत असेल. वर्षानुवर्षें डोक्यावर हंडे वाहिलेल्या माणसाला नुसतें बसणें किती मोलाचें आहे, हें तीच सांगूं शकेल.

या गुणोत्तराचा आणखी एक धोका आहे. जें सहज मोजतां येतें तेथें पैसा जातो. रस्त्याजवळच्या गांवीं संगणक दिले तर त्यांची संख्या लिहितां येते. डोंगरांतल्या पाड्यावर दोन पिढ्यांनीं उगवणारें शिक्षणाचें फळ तीन वर्षांच्या अहवालांत बसत नाहीं. न्यू लॅनार्क व जमशेदपूर यांचीं सर्वांत मोठीं फळें अशींच उशिरा आलीं, हें आपण आतांच पाहिलें. कमी गुणोत्तराचें गांव याद्यांतून गळलें, तर मोजमापानेंच त्या गांवावर अन्याय केल्यासारखें होईल.

आपल्या कायद्यानेंहि आतां मोजमाप सांगितलें आहे. जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणें, ज्या कंपनीवर सरासरीनें १० कोटी रुपये किंवा अधिक समाजखर्चाचें दायित्व आहे, तिनें १ कोटी वा त्याहून मोठ्या कामांचें, तीं पुरीं होऊन एक वर्ष लोटल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करवून घ्यावें. २०२२ सालच्या सुधारणेनें या मूल्यमापनाचा खर्च, समाजखर्चाच्या शेंकडा २ किंवा ५० लाख रुपये यांपैकीं जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत, समाजखर्चांतच धरण्याची मुभा दिली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र परीक्षक कंपनी निवडते, त्याला पैसे कंपनी देते आणि अहवाल कंपनीच्या संचालकांपुढें जातो. म्हणजे आपण अजून १९८० च्याच पायरीवर उभे आहों.

याच्या पुढची पायरी आपल्या देशांत अज्ञात आहे, असें मात्र नाहीं. १९९४ सालीं राजस्थानांत मजदूर किसान शक्ति संघटनेनें गांवोगांव जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामाची हजेरीपत्रकें चवाठ्यावर मोठ्यानें वाचलीं जात, आणि ज्याचें नांव मजूर म्हणून लागलें आहे तो उभा राहून 'मी त्या कामावर नव्हतों' असें सांगे. पुढें २००५ च्या रोजगार हमी कायद्यांत, ज्या कल्पनेचा प्रथम अंमल महाराष्ट्रानें केला त्याच रोजगार हमीच्या देशव्यापी कायद्यांत, ग्रामसभेनें गांवांतल्या कामांचें सामाजिक लेखापरीक्षण करावें, अशी तरतूद झाली. तिचा अंमल सर्वत्र सारखा झाला नाहीं. परंतु तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत आलें. सरकारच्या पैशानें खणलेल्या तळ्याचा हिशेब गांवानें घ्यावा, हें आपण मान्य केलें. कंपनीच्या पैशानें खणलेल्या तळ्याविषयीं तसें कलम १३५ व्या कलमाशेजारीं नाहीं.

दोन शतकांच्या या हकीकतींतून एक गोष्ट निश्चित दिसते. लोककल्याणाचें मोजमाप करूं नये, असें म्हणणें आळसाचें आहे. त्यानें दात्याची वाहवा तेवढी शिल्लक राहते. पण दात्यानें स्वतःच केलेलें मोजमाप फार तर अर्धें खरें ठरतें. राइट दोनदां एकाच गांवीं गेला आणि दुसऱ्या खेपेस खरें बोलूं शकला, कारण त्या खेपेस भाडें भरणारी माणसें त्याच्यापुढें शपथेवर बोललीं. ज्या गांवीं काम झालें तेथील ग्रामसभेंत तो अहवाल गांवकऱ्यांच्या भाषेंत वाचला जावा, त्यावरचे आक्षेप त्याच वहींत लिहिले जावे आणि मग ती वही भागधारकांपुढें जावी, एवढें केलें तरी पुष्कळ होईल. त्यासाठीं नवें गणित लागत नाहीं. ज्याच्या नांवावर ती रक्कम जमा दाखविली, ती त्याला पोहोंचली कीं नाहीं, हें त्यालाच विचारावें लागतें. आपल्या पेढीवरचा कोणताहि जुना मुनीम हें सांगूं शकला असता.